बार्शीच्या मुलींचे देणे : सातारा व सांगली जिल्हा परिषदांस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा,
तसेच
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली, यांस



एकच मजकूर दोन दफ्तरांत धाडण्याचा हा प्रकार आपल्या बारनिशीवर बसलेल्या कारकुनास चमत्कारिक वाटेल, याची कल्पना आहे. परंतु वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्याच्याच पोटात होते. संस्थाने विलीन झाल्यावर त्यांना सांगली-मिरजेकडचा मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा घडविण्यात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले, एवढाच काय तो उभयतांच्या वेगळेपणाचा इतिहास आहे. सोयरीक ती सीमा आजही मानीत नाही. कऱ्हाडची मुलगी तासगावास दिली जाते, खटावची विट्यास. आणि ज्या व्याधीविषयी मी लिहीत आहे तिची लस मुलीला माहेरच्या जिल्ह्यात टोचली गेली नाही, तर त्या चुकीचा हिशेब वीस-पंचवीस वर्षांनी सासरच्या जिल्ह्याला चुकता करावा लागतो. म्हणून पत्र दोघांना मिळून आहे.

ते मंत्रिमहोदयांना न लिहिता आपणांस लिहिण्याचे कारणही प्रारंभीच सांगून टाकते. लस कोणती घ्यावयाची, किती आणि केव्हा, याचा निर्णय दिल्ली-मुंबईस होतो व होत राहील. पण १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हापासून प्राथमिक शाळेचा गुरुजी आणि उपकेंद्राची नर्सबाई या दोघांचा पगार एकाच इमारतीतून निघतो, शिक्षणाधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी या दोघांच्या टिपणी एकाच टेबलावर येतात, आणि हे टेबल आपले आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाबतीत नेमकी हीच दोन खाती एकत्र यावी लागतात : मुलगी शाळेत सापडते, आई उपकेंद्रात सापडते, आणि दोघी संध्याकाळी एकाच घरी परततात.

रोगाचे शास्त्र थोडक्यात सांगते, कारण ते आपणांस ठाऊक असेलच. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या नावाचे विषाणूंचे एक मोठे कुल आहे. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या या विषाणूंचा संसर्ग बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघूनही जातो. ज्या थोड्या स्त्रियांच्या ठिकाणी तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी दहा-वीस वर्षांच्या अवधीत पेशींचे रूप पालटत जाते आणि त्यांतून कर्करोग उद्भवतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ व १९८४ साली या कुलातील १६ व १८ क्रमांकांचे प्रकार कर्करोगाच्या पेशींतून हुडकून काढले. जगातील सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मुळाशी हेच दोन असतात. या शोधाबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वीच, २००६ साली, पहिली लस बाजारात आलेली होती. लशीत विषाणूचे केवळ बाह्य कवच असते, आतील जनुकद्रव्य नसते. त्यामुळे तिच्यापासून संसर्ग होणे शक्य नाही, आणि त्याचबरोबर एकदा झालेला संसर्ग ती बरा करू शकत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून ती वयात येण्याच्या सुमारास द्यावयाची.

इतका सावकाश वाढणारा, इतक्या आगाऊ सूचना देणारा आणि तरीही इतक्या स्त्रियांचा बळी घेणारा दुसरा कर्करोग शोधून सापडणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या. आपल्याकडे त्याची पहिली लक्षणे 'अंगावरून जातंय' या दोन शब्दांत जावेच्या कानाशी सांगितली जातात आणि तेथेच विरतात; पाळी गेलेल्या बाईच्या अंगावर पुन्हा लाल दिसू लागले, तरी सुगी, लग्नसराई आणि नातवाचे बारसे उरकेपर्यंत ती दवाखान्याची पायरी चढत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली जेथे रुग्णालय उभारले, त्या मिरजेस आज शेजारच्या कर्नाटकातूनही माणसे उपचारासाठी येतात. वैद्यकाची अशी पेठ हाताशी असूनही आपल्या बाया तेथे पोचतात तेव्हा रोग फार पुढे गेलेला असतो. हे अंतर मैलांत मोजण्याजोगे नाही.

आता जगातील संशोधनाकडे वळते. या विषयावर वर्षाकाठी निघणाऱ्या निबंधांचा ढीग पाहिला तर संपन्न देशांची नावे ठळकपणे दिसतात, आणि त्यांचे निष्कर्ष खरोखरच मन हरखून टाकणारे आहेत. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षापूर्वी लस घेतलेल्या मुलींत या कर्करोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी घटल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी जिला लस देऊ केली त्या पिढीत ते ८७ टक्क्यांनी उतरले. आणि स्कॉटलंडने २०२४ च्या आरंभी जाहीर केले की, त्या वयात पूर्ण लसीकरण झालेल्या मुलींत आजवर एकही रुग्ण आढळलेला नाही. परंतु गरीब देशांच्या दृष्टीने जे दोन प्रश्न खरोखर निर्णायक होते, त्यांची उत्तरे लंडन-स्टॉकहोमला मिळाली नाहीत. ती आपल्या शेजारी, माणदेशाच्या पूर्वेस एका दिवसाच्या एस.टी. प्रवासावर असलेल्या बार्शी आणि उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, गावांत मिळाली. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ही गोष्ट ठाऊक असलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतील, आणि याच अज्ञानाची मला खंत आहे.

पहिला प्रश्न असा होता की, जेथे तज्ज्ञ नाहीत, प्रयोगशाळा नाहीत, अशा खेड्यांतील स्त्रियांची तपासणी कोणत्या रीतीने केली असता मृत्यू टळतात. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. बी. एम. नेने व त्यांचे सहकारी, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांनी १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. काही गटांत विषाणूची चाचणी झाली, काहींत पेशींची, काहींत सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी झाली. आणि चौथ्या भागातील ३१ हजारांवर स्त्रियांची त्या वेळच्या सरकारी शिरस्त्याप्रमाणे कोणतीच तपासणी झाली नाही. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात ३४ मृत्यू होते, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि विषाणूच्या चाचणीस जगभर जे अग्रस्थान मिळाले त्याच्या पायातील एक मोठा दगड तो ठरला. त्या चौथ्या गटातील स्त्रियांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते काय, असा आक्षेप पुढे परदेशी वैद्यांनी घेतला. मला त्या वादात एका पक्षाची वकिली करावयाची नाही. परंतु ज्या ज्ञानाची अशी किंमत कोणीतरी मोजली आहे, ते शेजारच्या जिल्ह्याने कपाटात ठेवून द्यावे, हे मात्र कोणत्याच नीतीत बसत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर अपघातानेच मिळाले. लशीच्या तीन मात्रांऐवजी दोन पुरतील काय, हे पाहण्यासाठी २००९ च्या सप्टेंबरात देशात नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला. त्यांत पुणे, मुंबई आणि पुन्हा एकदा बार्शी ही महाराष्ट्रातील केंद्रे होती. १० ते १८ वयाच्या २० हजार मुलींना लस द्यावयाची होती. याच सुमारास खम्मम आणि बडोदा जिल्ह्यांत एका निराळ्याच प्रकल्पातून हजारो मुलींना ही लस टोचली जात होती, आणि त्यांतील सात मुली दगावल्याचा बोभाटा झाला. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे दिसून आले नाही. कोणी पाण्यात बुडून, कोणी सर्पदंशाने गेलेली होती. पण त्याच चौकशीत दुसरे जे उघडकीस आले ते लाजिरवाणे होते : कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या ठोकलेल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्याबद्दल कठोर ताशेरे ओढले. मधल्या काळात, एप्रिल २०१० मध्ये, सरकारने या सर्वच अभ्यासांतील लसीकरण थांबविण्याचा हुकूम काढला, आणि बार्शी-पुण्याच्या ज्या मुलींना पहिली मात्रा मिळून दुसरीची मुदत यावयाची होती, त्या तशाच अर्ध्यावर राहिल्या.

संशोधकांनी त्या मुलींचा पिच्छा सोडला नाही, हे त्यांचे श्रेय. मुलींची लग्ने झाली, त्या गावोगाव पांगल्या, तरी त्यांना हुडकून वर्षानुवर्षे तपासण्यात आले. आणि २०२१ साली दिसून आले की, १६ व १८ या प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एक मात्रा ९५ टक्क्यांच्या घरात परिणामकारक होती, म्हणजे तीन मात्रांच्या तोडीची. केनियातील अभ्यासानेही तोच निर्वाळा दिला. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक मात्राही पुरेशी मानली, आणि २०२३ पासून इंग्लंड-ऑस्ट्रेलियासारखे देशही एका मात्रेवर आले. आज अशा देशांची संख्या पन्नासाहून अधिक आहे. लंडनच्या शाळेतील मुलीला आज एकच सुई टोचून घ्यावी लागते, यात बार्शी तालुक्यातील, नाव कोणालाही ठाऊक नसलेल्या मुलींचा वाटा आहे.

आपल्या मुलखाला या एका मात्रेचे जेवढे महत्त्व आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या मुलखाला असेल. खानापूर, आटपाडी, तासगावकडची गलाईचा धंदा करणारी कुटुंबे देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरलेली आहेत आणि यात्रेपुरती गावी येतात. माण-आटपाडीचे धनगर मेंढरे घेऊन निम्मे वर्ष बाहेर असतात. आणि साखर कारखान्यांची बॉयलरे पेटली की बीडकडच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात, त्यांच्या मुली कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि त्यांचे नाव इथल्या हजेरीपटावर असतेच असे नाही. सहा महिन्यांनी दुसरी मात्रा घ्यावयास या मुली त्याच गावात सापडतील, अशी अपेक्षा धरणे हास्यास्पद होते. एका मात्रेस फक्त एक दिवस लागतो. तो दिवस यात्रेचा असू शकतो, कारखान्याच्या तळावरचा असू शकतो. फक्त शाळेच्या पटावर नाव नाही म्हणून मुलगी वगळावयाची नाही, एवढा स्पष्ट आदेश आपल्या सहीचा हवा. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने २०२२ साली स्वदेशी लशीस मान्यता मिळविली. ती साताऱ्याहून तीन तासांच्या वाटेवर तयार होते. पण पैसे मोजून घ्यावयाची झाल्यास ऊसतोडीच्या बाईने तिचे नावही काढू नये, अशी तिची बाजारातील किंमत आहे. म्हणून सरकारी साठा जेव्हा जेव्हा आपल्या शीतपेटीत येऊन पडेल, तेव्हा तो आधी कोणाच्या दंडापर्यंत पोचतो, यावर आपले लक्ष असावे.

संमतीविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण खम्ममचा धडा शाळेत गिरविला गेला होता आणि आयुष्य मी शाळेत घालविले आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हाचे शाळाशाळांतील चित्र अनेक शिक्षकांना आठवेल. छापील चिठ्ठ्या दुपारच्या सुट्टीत वाटावयाच्या, दुसऱ्या दिवशी गोळा करावयाच्या. बाप फडावर, आई भांगलणीला. चिठ्ठी दप्तरात चुरगळून परत यायची, आणि मग पाचवीतली पोर बेंचाखाली मान घालून बापाच्या वळणाची सही करू लागायची. कोणी विचारले तर सांगायची, 'आबा म्हणले, तूच कर.' केंद्रप्रमुखांचा फोन तासातासाला येत असे : किती झाल्या, किती राहिल्या. त्या आकड्यांच्या घाईत संमती म्हणजे कागद, एवढाच अर्थ उरतो. आणि पुढे एखादी मुलगी उन्हात उभी राहून भोवळ येऊन पडली की त्याच कागदावरून गावात रान उठते.

या लशीच्या बाबतीत तर रान उठावयास निमित्तही लागणार नाही. मुलीला पुढे मूल होणार नाही, ही अफवा येणारच; 'असल्या' रोगाची लस आमच्या मुलीला कशाला, हा प्रश्न त्याहून आधी येईल. जपानसारख्या सुशिक्षित देशात २०१३ साली वर्तमानपत्रांतून दुष्परिणामांची चर्चा माजली, सरकारने आपली शिफारस मागे घेतली, आणि ७० टक्क्यांपर्यंत पोचलेले लसीकरण एका टक्क्याच्या खाली गेले. शिफारस पूर्ववत व्हावयास २०२२ उजाडले. तेव्हा आईबापांशी आधी बोलावे. रात्री जेवणवेळ टळल्यावर, पुरुषही घरी असतात तेव्हा, शाळेच्या पडवीत सभा बोलवावी. नर्सबाईने स्वतः उभे राहून सांगावे की दंड दुखेल, क्वचित ताप येईल, एखादीला घेरी येईल, म्हणून टोचल्यावर पाव-अर्धा तास बसवून ठेवणार आहोत. हा विषाणू चारित्र्य पाहून येत नाही, एकाच नवऱ्याशी आयुष्य काढलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडून येतो. आणि नको म्हणणाऱ्याच्या मुलीचे नाव वर्गात पुकारले जाणार नाही. सातारा हा नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंचा जिल्हा आणि १९१९ साली काल्यात कर्मवीरांनी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचाही हाच. शाळेच्या शब्दाला इथे अद्याप वजन आहे. ते एका खोट्या सहीपायी खर्ची घालू नये.

राहता राहिली आई. तिला लस उपयोगाची नाही, आणि मुलींच्या लसीकरणाचे फळ दिसावयास वीस वर्षे लागणार. तोवर मरावयाच्या आहेत त्या आजच्या तिशी-पन्नाशीच्या बाया. त्यांच्यासाठी २०१६ पासून केंद्र सरकारचा तपासणीचा कार्यक्रम कागदावर आहे, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांत अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्यांचे प्रमाण देशभरात १.९ टक्के भरले. शंभरात दोघीही नाहीत. वास्तविक साहित्य ते काय लागते? एक टेबल, एक दिवा, बाहेरून दिसणार नाही असा पडदा, कापसाचा बोळा आणि सौम्य ॲसेटिक आम्ल. बोळा लावून एक मिनिट थांबले की बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून हेच काम दिले, दर दोन वर्षांनी तपासणी केली आणि बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करून दाखविले. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या अशा पाहणीने मृत्यूंत तेवढा फरक पडला नव्हता, हे लपविण्यात अर्थ नाही. म्हणून जेथे परवडेल तेथे विषाणूची चाचणीच करावी असे माझे मत आहे, विशेषतः आता तिचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो आणि परक्यासमोर पाय फाकवून पडण्याची लाज वाचते. ती मिळेपर्यंत मात्र पडद्यावाचून काहीच करू नये. दार लागत नसलेल्या उपकेंद्राच्या खोलीत कोणतीही बाई टेबलावर चढणार नाही, आणि तिने चढू नये.

यात आणखी एक धोक्याची जागा आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. ऐन तिशीतल्या बायांना 'पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल' असे सांगितले जात होते. कर्करोगाची भीती ही अशी विकाऊ वस्तू आहे. सरकारी उपकेंद्राने तपासून 'तुझी पिशवी चांगली आहे, घरी जा' असा लेखी कागद बाईच्या हाती दिला, तर त्या एका कागदाने किती पोटे फाडली जायची वाचतील! आणि जिच्या तपासणीत दोष निघेल तिला 'मोठ्या दवाखान्यात जा' एवढे तोंडी सांगून वाटेला लावणे हा तपासणी न करण्याहून मोठा अपराध आहे. कऱ्हाड, मिरज, सांगलीपैकी कोठे, कोणत्या वारी, कोणाकडे, आणि सोबत कोणती आशाताई, हे त्याच चिठ्ठीवर असावे.

सांगलीच्या साहेबांना एक वेगळी आठवण द्यावीशी वाटते. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना हा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या सहा पट असतो आणि त्यांना लशीची एक मात्रा पुरत नाही. आपल्या जिल्ह्यात १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने या स्त्रियांमध्ये जे काम उभे केले त्याची जगाने दखल घेतली. त्यांच्या औषधाच्या तारखेलाच ही तपासणी जोडून देणे फार अवघड नाही. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहावी लागेल, असे मला वाटत नाही.

माझी विनंती अखेरीस एवढीच की, जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेपुढे आणि प्रत्येक ग्रामसभेपुढे वर्षातून एकदा या कामाचा तपशील वाचला जावा : गावात त्या वयाच्या मुली किती, शाळेबाहेरच्या धरून, टोचल्या किती, किती घरांनी नको म्हटले, तिशीपुढच्या बाया किती तपासल्या, कितींत दोष निघाला आणि त्यांपैकी कितींचा उपचार पुरा झाला. शेवटचे दोन आकडे सारखे नसतील तर त्याचे कारण सभेत विचारले जाईल, अशी तजवीज असावी. दोन्ही जिल्ह्यांचे तक्ते एकाच नमुन्यात असले तर माहेर-सासरचा हिशेबही जुळविता येईल. आपल्या उत्तराची वाट पाहते. ते आले तर इथल्या महिला मंडळात वाचून दाखवीन.



आपली नम्र,
कऱ्हाड तालुक्यातील एक निवृत्त मुख्याध्यापिका